शोधलं, म्हणजे किती शोधलं?

एखादा वीस-बावीस वर्षांचा मुलगा रानात, डोंगरात नाहीतर वाळवंटात जातो आणि परत येत नाही. पहिले तीन दिवस सगळेच हळहळतात. चौथ्या दिवशी वाद सुरू होतो, आणि शोधमोहीम थांबवल्याची बातमी आली की त्या वादाला जो जोर चढतो तो वर्षानुवर्षं ओसरत नाही. एक पक्ष म्हणतो, घातपात आहे. एवढी माणसं, कुत्री, हेलिकॉप्टरं लावूनही सापडत नाही म्हणजे तो तिथे नाहीच, कोणीतरी काहीतरी दडवतंय. दुसरा म्हणतो, एकट्याने मरायला जायचं कशाला? खर्च आईबापांकडून वसूल करा आणि ती वाटच बंद करून टाका. तिसरा पक्ष जरा कविमनाचा. त्याच्या मते मुलगा हरवलाच नाही, त्याला जगाच्या रगाड्यातून सुटायचं होतं आणि तो सुटला. या तिघांचं आपसात कधीच जमत नाही. पण तिघेही एकाच पायरीवर ठेचकाळतात. शोध पुरा झाला होता, हे तिघांनीही धरून चाललेलं असतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘त्याचं काय झालं असेल?’ हा प्रश्न आपण बाहेरच्यांनी बाजूला ठेवावा. विचारायचंच असेल तर हे विचारावं: कुठे शोधलं, कसं शोधलं, आणि तो तिथेच असताना नजरेतून सुटण्याची शक्यता किती होती? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणीही घरबसल्या देऊ शकतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. दुसऱ्याचं उत्तर कागदावर लिहिलेलं असतं किंवा नसतं. ते लिहिलेलं असावं आणि मागणाऱ्याला दाखवलं जावं, एवढा हट्ट समाजाने जरूर धरावा. त्यापलीकडे हट्ट धरण्याचा आपला अधिकार मला दिसत नाही.

हे फार कोरडं वाटेल, म्हणून आधी थोडं गणित. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या पाणबुड्या शोधताना अमेरिकी नौदलासाठी बर्नार्ड कूपमन या गणितज्ञाने शोधाचं शास्त्र मांडलं. जमिनीवरची शोधपथकं आज जे आडाखे बांधतात, त्यांचं मूळ तिथे आहे. कल्पना साधी आहे. हरवलेला माणूस अमुक पट्ट्यात असण्याची शक्यता एक, आणि तो तिथे असलाच तर आपल्या नजरेस पडण्याची शक्यता दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे सापडण्याची शक्यता. समजा, मुलगा एका खोऱ्यात असण्याची शक्यता ६० टक्के आहे आणि पथक इतकं चांगलं आहे की तो तिथे असेल तर ७० टक्के वेळा सापडेल. पथक खोरं पिंजून काढतं, काही मिळत नाही. आता तो त्याच खोऱ्यात असण्याची शक्यता किती उरली? बहुतेकांचं मन सांगतं, जवळजवळ शून्य. हिशेब केला तर उत्तर येतं ३१ टक्के, म्हणजे तिनात एक. सगळं खोरं तितक्याच नेटाने पुन्हा पालथं घातलं आणि तरी हात रिकामेच राहिले, तर १२ टक्के. शून्य कधीच होत नाही. आणि मी धरलेले ७० टक्के ही चैन आहे. दाट झुडूप, पानांचा थर, उभ्या घळी, खडकांच्या राशी आणि निपचित पडलेला, हाकेला ओ न देणारा माणूस, अशा ठिकाणी तो आकडा झपाट्याने घसरतो.

‘तिथे शोधलं, तिथे नाही’ या वाक्यातला स्वल्पविराम किती महाग पडतो, हे समुद्राने एकदा दाखवून दिलं आहे. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं ४४७ क्रमांकाचं विमान अटलांटिकमध्ये कोसळलं. ब्लॅक बॉक्सबरोबर पाण्याखाली आवाज देत राहणारी उपकरणं असतात. त्यांचा कानोसा घेत शोधनौका शेवटच्या ठावठिकाण्याभोवतीचा पट्टा फिरल्या. आवाज आला नाही, म्हणून तो पट्टा ‘झाला’ असं धरलं गेलं आणि शोध इतरत्र गेला. जवळपास दोन वर्षांनी गणितज्ञांनी सगळ्या नोंदी पुन्हा मांडल्या आणि एक शंका हिशेबात घेतली: ती उपकरणंच बंद पडली असतील तर? नवा नकाशा बोट दाखवत होता तो त्याच ‘झालेल्या’ पट्ट्याकडे. एप्रिल २०११मध्ये आठवड्याभराच्या शोधात अवशेष सापडले, सुमारे ३,९०० मीटर खोल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पण एक गोष्ट विसरायला नको. वळसा कुठून कुठे घातला, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून कळसा सापडला.

जमिनीवरची उदाहरणं याहून दुखरी आहेत. २०१३मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात ॲपलेशियन पायवाटेवरून एक प्रौढ बाई आडोशाला म्हणून वाट सोडून आत गेल्या आणि त्यांना वाट पुन्हा मिळाली नाही. त्यांनी तंबू लावला, फोनवरून निरोप पाठवत राहिल्या. रेंज नसल्याने एकही गेला नाही. वहीत त्या अनेक दिवस लिहीत होत्या. मोठी मोहीम झाली, लोकांनी हरतऱ्हेचे तर्क लढवले, आणि दोन वर्षांनंतर त्यांचे अवशेष तंबूतच मिळाले. श्वानपथक त्या तळापासून साधारण शंभर यार्डांवरून गेलं होतं, असं नंतरच्या चौकशीत दिसलं. शंभर यार्ड, म्हणजे मोठ्याने मारलेली हाक पोचावी इतकं अंतर. आणि तरीही यात कोणाचा हलगर्जीपणा शोधायला गेलात तर तो सहजासहजी सापडणार नाही. दाट जंगल म्हणजे काय, हे एकदा आत शिरून पाठीमागे वळून पाहिल्याशिवाय कळत नाही. दहा पावलांवर वाट संपते.

आता उलट्या टोकाचं उदाहरण. १९६९च्या जूनमध्ये ग्रेट स्मोकी पर्वतांत सहा वर्षांचा एक मुलगा मोठ्यांना दचकवायला इतर मुलांबरोबर लपायला गेला आणि दिसेनासा झाला. त्याच संध्याकाळी मुसळधार पाऊस झाला. पुढच्या काही दिवसांत शोधकऱ्यांची संख्या चौदाशेपर्यंत गेली. स्वयंसेवक, सैनिक, सगळेच आले. मुलगा आजवर सापडलेला नाही. पण चौदाशे जोडी बुटांनी ओलं रान तुडवल्यावर लहान पावलाचा एखादा ठसा उरला असेल तर तोही गेला. तिथून शोधाची पद्धत बदलली: आधी थोडी, तयारीची माणसं, माग काढणारे, आणि गर्दी नंतर. ‘एवढी माणसं लावूनही’ हे शब्द आपण पुरावा असल्यासारखे उच्चारतो. ‘एवढी माणसं लावल्यामुळे’ असंही काही असू शकतं.

हरवलेला माणूस कसा वागतो याची आपली कल्पनाही घरात बसून केलेली असते. ‘सरळ चालत राहिला असता तर रस्त्याला लागला असता’ हे वाक्य अशा प्रत्येक वादात कोणीतरी टाकतंच. २००९मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना एका सपाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सोडून सरळ चालायला सांगितलं आणि जीपीएसवर त्यांचा मार्ग टिपला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बरे चालले. ढग आले, अंधार झाला, की ते गोल गोल फिरू लागले आणि स्वतःच्याच वाटेला छेद देऊन गेले. आपण सरळच जातोय असं त्यांना मनापासून वाटत होतं. जुन्या लोकांनी याचा दोष चकव्याला दिला. भूत खोटं असेल, पण चकवा खरा निघाला.

तीच गोष्ट ‘कपडे काढलेले सापडले’ या तपशिलाची. घातपाताचा सिद्धान्त मांडणाऱ्यांचं हे आवडतं हत्यार. थंडीने शरीराचं तापमान फार खाली गेलं की आकसलेल्या रक्तवाहिन्या अखेरच्या टप्प्यात सैलावतात, माणसाला एकाएकी भाजल्यासारखं वाटतं आणि गोंधळलेल्या अवस्थेत तो अंगावरचे कपडे भिरकावून देतो. त्यानंतर काहीजण एखाद्या कपारीत, पडलेल्या झाडाखाली, मिळेल त्या बिळात शिरतात. न्यायवैद्यकात हे दोन्ही प्रकार ठाऊक आहेत. म्हणजे जो माणूस शोधायचा आहे, तो शेवटच्या तासाभरात नकळत स्वतःला लपवून ठेवतो. त्यानंतर कोल्हे, अस्वलं, गिधाडं आणि ओढ्यांचे पूर आपलं काम करतात. वर्षभरात एक माणूस दोन-चार मैलांवर विखुरलेला असू शकतो. हे वाचायला क्रूर आहे, मान्य. पण ‘साधं हाडही मिळालं नाही, हे कसं?’ असं विचारणाऱ्याला दुसरं काय सांगणार?

इथवर वाचून घातपातवाला वाचक चिडला असेल, आणि त्याच्या हातात एक भक्कम पत्ता आहे. रानात खून होतात. ऑस्ट्रेलियात १९८९ ते १९९२ या काळात पाठीवर सॅक टाकून भटकणारी सात तरुण मुलंमुली नाहीशी झाली. तरणी पोरं आहेत, गेली असतील कुठेतरी, येतील, ही अशा वेळी सगळीकडे मिळणारी समजूत तेव्हाही काढली गेली. ती बेलांग्लोच्या जंगलात पाल्याफांद्यांखाली झाकलेली निघाली, आणि १९९६मध्ये आयव्हन मिलॅट सातही खुनांसाठी दोषी ठरला. तेव्हा ‘अपघातच असणार’ हा शेराही आळसाचा असू शकतो. फाइल बंद करायला अपघातासारखं सोयीचं दुसरं काही नाही. हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, हातचं काही राखून नव्हे. पण ते प्रकरण उलगडलं कसं, ते पाहा. १९९२मध्ये जंगलात नकाशा-होकायंत्र घेऊन धावण्याचा सराव करणाऱ्या दोघांना पहिला मृतदेह अचानक दिसला. पुढच्या वर्षी जंगलाचा पद्धतशीर शोध झाला तेव्हा आणखी काही मिळाले. आणि खुनी ओळखला गेला तो एका वाचलेल्या तरुणामुळे. जानेवारी १९९०मध्ये तो मिलॅटच्या गाडीतून उडी मारून पळाला होता आणि त्याने पोलिसांत रीतसर तक्रारही दिली होती. त्या तक्रारीची आठवण कोणालाच राहिली नाही. १९९३मध्ये बातम्या वाचून त्याने स्वतःहून पुन्हा फोन केला तेव्हा चक्रं फिरली. म्हणजे इथे कमी पडली ती नोंद. तर्क लढवणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. घातपाताचा संशय असेल तर तो संशय घेऊनही शेवटी तुम्हाला त्याच दारात यावं लागतं: काय लिहिलं होतं, ते कोणी वाचलं, कुठे पाहिलं नाही?

दुसरी कबुली हौशी शोधकांची. त्यांना मी उडाणटप्पू म्हणणार नाही, कारण त्यांच्यातल्या काहींनी सरकारी यंत्रणेला जमलं नाही ते करून दाखवलं आहे. १९९६च्या ऐन उन्हाळ्यात अमेरिकेतल्या डेथ व्हॅली वाळवंटात चार जर्मन पर्यटक, त्यांत दोन लहान मुलं, नाहीसे झाले. ऑक्टोबरमध्ये त्यांची भाड्याची गाडी एका ओसाड घळीत फुटक्या टायरांसह मिळाली. माणसं मिळाली नाहीत. मग ठरल्याप्रमाणे कहाण्या सुरू झाल्या. ते मुद्दाम पसार झाले, ते हेर होते, कोणी पळवून नेलं. रिव्हरसाइड पर्वतीय बचावपथकातल्या दोघा स्वयंसेवकांनी मात्र वेगळा नाद धरला. त्यांनी जुन्या शोधाचे कागद मिळवले, कुठे पाहिलं होतं ते नकाशावर उतरवलं आणि विचारलं, या रंगवलेल्या भागाबाहेर जाण्याचं त्या बापाला काय कारण असू शकेल? दक्षिणेला लष्करी तळाची हद्द होती. युरोपातून आलेल्या माणसाला वाटेल की लष्करी हद्दीवर कुंपण असणार, पहारा असणार, म्हणजे मदत मिळणार. प्रत्यक्षात तिथे मैलोन् मैल ओसाडी होती. यंत्रणेने ती दिशा सोडली होती, कारण तिकडे कोणी शहाणा माणूस जाणार नाही असं तिथल्या माहितगारांना वाटत होतं. २००९मध्ये त्या दोघांना तिथेच अवशेष सापडले. तेरा वर्षं. त्यांना यश आलं ते त्यांनी कल्पनाशक्ती वापरली म्हणून, हे खरंच. पण ती कल्पना रिकाम्या जागेच्या नकाशाला बांधलेली होती. शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर गुन्हा वाचणारी कल्पनाशक्ती ही वेगळी चीज आहे.

ती चीज काय करते, हे पाहायचं तर पुन्हा ऑस्ट्रेलियातच जावं लागतं. १७ ऑगस्ट १९८०च्या रात्री उलुरू या प्रचंड खडकाच्या पायथ्याशी तंबूतून नऊ आठवड्यांची ॲझारिया चेंबरलेन नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने बाळ नेलं, असं आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. पहिल्या मृत्यूचौकशीने ते मानलंही. लोकांनी मानलं नाही. ही बाई कॅमेऱ्यासमोर रडत का नाही? डिंगो एवढं वजन उचलेल का? गाडीत रक्त सापडलं म्हणतात. १९८२मध्ये तिला स्वतःच्या मुलीच्या खुनासाठी जन्मठेप झाली. गाडीतलं ते ‘बाळाचं रक्त’ प्रत्यक्षात कारखान्यात मारलेला आवाज दाबणारा लेप होता. १९८६मध्ये कड्यावरून पडून मेलेल्या एका पर्यटकाचा शोध चालू असताना डिंगोंच्या वावराच्या भागात बाळाचं जाकीट मिळालं. हे जाकीट बाळाच्या अंगावर होतं असं आई सांगत होती आणि ते कुठे दिसत नाही म्हणून तिला खोटारडी ठरवलं गेलं होतं. ती सुटली, १९८८मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि बाळाच्या मृत्यूचं कारण डिंगो हे अधिकृतपणे लिहिलं गेलं २०१२ साली. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार कोणा हुकूमशहाच्या राज्यात झालेला नाही. न्यायालयं, तज्ज्ञ, मोकळी वर्तमानपत्रं सगळं जागेवर असताना झाला. ‘सापडत नाही’ हाच जिथे पुरावा मानला गेला, तिथे जे सापडलं नव्हतं ते बाळाचं एक जाकीट होतं आणि ते साडेपाच वर्षं मातीत पडून होतं.

दोष देणाऱ्यांच्या पक्षाबद्दल मला फार लिहावंसं वाटत नाही. बेफिकिरीने गेलेल्याने सुटकेचा खर्च द्यावा, असा कायदा अमेरिकेत न्यू हॅम्पशायरसारख्या राज्यात आहे, आणि त्यामागचा राग मला कळतो. शोधायला जाणारेही जीव धोक्यात घालतात. पण ही मागणी शोधपथकांकडून येत नाही. तिथल्या पर्वतीय बचावपथकांच्या संघटनेचा अशा वसुलीला जाहीर विरोध आहे. कारण अगदी व्यवहारातलं आहे: बिलाच्या भीतीने लोक मदत मागायला उशीर करतात, आणि दुपारी चारला सोपी असलेली सुटका रात्री दहाला जीवघेणी होते. जो परत आलाच नाही, त्याच्या बाबतीत तर ‘एकट्याने जायला नको होतं’ हे खरं असूनही निरुपयोगी आहे. तो ऐकत नाही. ऐकते त्याची आई.

कविमनाच्या पक्षाला मात्र सहज सोडता येत नाही, कारण तो मायाळू दिसतो. १९३४च्या नोव्हेंबरमध्ये एव्हरेट रूस हा वीस वर्षांचा चित्रकार युटामधल्या एस्कलांटे गावातून दोन गाढवं घेऊन दऱ्याखोऱ्यांत गेला. गाढवं सापडली. तो नाही. एका कपारीजवळ कोरलेलं ‘नेमो १९३४’ एवढं मिळालं. नेमो म्हणजे लॅटिनमध्ये ‘कोणीही नाही’. एवढ्यावर नव्वद वर्षं दंतकथा पोसली गेली आहे: त्याने नाव टाकलं, जग सोडलं, कुठेतरी सुखाने म्हातारा झाला. त्याची पत्रं वाचणाऱ्याला हे पटावंसं वाटतं, हे मी समजू शकतो. पण एखाद्या पोराने दगडावर नाव खरवडलं याचा अर्थ त्याला मरायचं होतं किंवा परतायचं नव्हतं असा लावायचा, तर दगडांवर नावं खरवडणाऱ्या निम्म्या जगाला बेपत्ता धरावं लागेल. २००९मध्ये एका खडकाच्या कपारीत मिळालेली हाडं त्याचीच असल्याचं डीएनए चाचणीनिशी जाहीर झालं, कौतुकाचे लेख आले, आणि त्याच वर्षी लष्करी प्रयोगशाळेने फेरतपासणी करून सांगितलं की ती त्याची नाहीत. काही महिने त्या कुटुंबाला उत्तर मिळालं होतं. मग ते काढून घेतलं गेलं. अलास्काच्या रानात पडून असलेल्या, ख्रिस मॅककँडलेस या तरुणाने एकट्याने मुक्काम केलेल्या प्रसिद्ध बसची गोष्ट याच जातीची. तिथे १९९२मध्ये मेलेल्या त्या तरुणाचं काय झालं ते निदान ठाऊक आहे, तरी त्याच्या मुक्तीची कहाणी जगायला निघालेल्या दोघींना नदीने वेगवेगळ्या वर्षी नेलं, आणि शेवटी २०२०मध्ये सरकारला ती बस हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली.

सगळ्यात अवघड आक्षेप शेवटी ठेवला आहे. ‘शोध किती झाला याचे टक्के ऐकून आईबापांचं काय भागणार? त्यांना उत्तर हवं असतं. खरं-खोटं काहीही असो, पण एकदा काय ते कळू दे.’ हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे आणि ते ऐकल्यावर टक्केवारी सांगायला तोंड उघडत नाही. अमेरिकेतल्या पॉलिन बॉस यांनी १९७०च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्यांबरोबर काम करताना या दुःखाला संदिग्ध वियोग असं नाव दिलं. माणूस गेला म्हणावं तर देह नाही, आहे म्हणावं तर तो दारात नाही. त्यांचं निरीक्षण असं की ही जखम ‘एकदाचं काय ते’ होऊन बंद होत नाही. माणसं दोन्ही शक्यता एकदम उराशी धरून जगायला शिकतात. मराठी वाचकाला हे शिकायला अमेरिकेला जायला नको. पानिपतावर विश्वासरावांचा देह मिळाला, त्यावर संस्कार झाले. सदाशिवरावभाऊंचा म्हणून जो देह मिळाला त्याबद्दल शंका उरली, आणि पार्वतीबाईंनी १७८३मध्ये डोळे मिटेपर्यंत वैधव्य पत्करलं नाही. त्या शंकेच्या फटीतून तोतया आत आला. भाऊ परत आल्याचं ऐकायला हजारो लोक आसुसलेले होते, त्याच्यामागे फौज उभी राहिली, आणि १७७६मध्ये त्याला देहदंड झाला. पार्वतीबाईंचं दुःख खोटं नव्हतं आणि त्यांची आशाही वेडी नव्हती. पण बाहेरच्यांनी त्या आशेला हवं ते उत्तर पुरवलं, तेव्हा काय झालं? तोतया मिळाला, भाऊ नाही.

‘खरं-खोटं काहीही असो’ याचा अर्थ काय होतो, त्याचं याहून लख्ख उदाहरण लुइझियानातलं आहे. १९१२च्या ऑगस्टमध्ये एका दलदलीच्या तळ्याकाठी बॉबी डनबार हा चार वर्षांचा मुलगा नाहीसा झाला. आठ महिन्यांनी शेजारच्या मिसिसिपीत विल्यम वॉल्टर्स नावाच्या फिरत्या कारागिराबरोबर त्याच वयाचा मुलगा दिसला. वॉल्टर्स ओरडून सांगत होता की हा ज्युलिया अँडरसनचा मुलगा, तिनेच माझ्याकडे दिलाय. ज्युलियाही आली. ती गरीब, अविवाहित आई होती. तिचं कोण ऐकणार? मुलगा डनबारांना दिला गेला, गावाने मिरवणूक काढली, वॉल्टर्सला अपहरणासाठी शिक्षा झाली, ती पुढे दोन वर्षांनी फिरवली गेली. मुलगा बॉबी म्हणून वाढला, बॉबी म्हणून मेला. २००४मध्ये वंशजांच्या डीएनए चाचणीने सांगितलं की तो डनबारांचा नव्हताच. इथे एका आईला उत्तर मिळालं, दुसऱ्या आईचा मुलगा गेला, एक निरपराध तुरुंगात बसला. पण मला सतत टोचतं ते आणखी एक. ज्या दिवशी मिरवणूक निघाली, त्या दिवशी खऱ्या बॉबीचा शोध थांबला. त्यानंतर त्या तळ्याकाठी त्याला कोणीही शोधलेलं नाही, कारण तो सापडला होता.

म्हणून आईबापांना काय द्यावं, याबद्दलही माझं उत्तर तेच आहे. त्यांना शोधाचा नकाशा द्यावा, रंगवलेला आणि न रंगवलेला. इथे तीन वेळा पाहिलं, इथे धुक्यामुळे एकदाच, या कड्याखाली दोर लावून उतरलो नाही. बहुतेक यंत्रणा हे द्यायला का कचरतात तेही उघड आहे. ‘सर्व प्रयत्न केले’ हे वाक्य कोणालाच दोषी ठरवत नाही. ‘कड्याखाली उतरलो नाही’ हे ठरवतं, आणि आपण बाहेरचे लोक त्या एका ओळीवर झडप घालायला टपलेलेच असतो. पथकं नोंदी दडवतात त्यातला मोठा वाटा आपल्या या सवयीचा आहे, असं मला वाटतं. न उतरण्यामागे बहुतेकदा ढासळता कडा आणि घरी वाट पाहणारी दुसरी पोरं असतात.

एव्हरेस्टवर ८ जून १९२४ला जॉर्ज मॅलरीबरोबर दिसेनासा झालेला सँडी आयर्विन बावीस वर्षांचा होता. मॅलरीचा देह १९९९मध्ये सुमारे ८,१५५ मीटरवर मिळाला. आयर्विन कुठे असेल यावर जाणकारांनी शतकभर खल केला. उंचावरची एक विशिष्ट कपार बहुतेकांच्या मनात पक्की झाली होती. २०१९मध्ये एक गिर्यारोहक तिथवर पोचला. कपार रिकामी होती. लगोलग चर्चा सुरू झाली की चिनी गिर्यारोहकांनी देह आणि त्याच्याजवळचा कॅमेरा फार पूर्वीच गुपचूप हलवला असणार. सप्टेंबर २०२४मध्ये त्या कपारीच्या कितीतरी खाली, मध्य रोंगबुक हिमनदीवर, वितळत्या बर्फातून एक जुना बूट वर आला. आत पाऊल होतं, आणि मोज्यावर शिवलेल्या पट्टीवर लाल अक्षरांत ए. सी. आयर्विन. तोवरचे शोध बहुतेक बरेच वर झाले होते.  बाकीचा देह अजून मिळालेला नाही. कॅमेराही नाही. ज्या चमूला बूट सापडला त्याने तो नेमका कुठे मिळाला ते जाहीर केलं नाही, कारण सांगितलं असतं तर उरलेलं शोधायला दुसऱ्याच दिवशी गर्दी झाली असती. ते खूप मोठं हिमक्षेत्र आहे, आणि त्यातलं कुठे पाहून झालंय हे आता निदान थोड्या लोकांना ठाऊक आहे.